इकडील सर्व खुशाल

परवा दुपारी तात्यांकडे गेले, तर तात्या पायाला प्लास्टर घालून खाटेवर, आणि काकू साखरेच्या डब्याला मोबाइल टेकवून मुलाशी बोलत होती. मुलगा फौजेत, सध्या सिक्कीमला. रेंज मिळाली की फोन करतो. डबा असा काही ठेवला होता की खाट पडद्यात येऊच नये.

"बाबा व्हय? रानात गेल्यात. उसाला पाणी धरायचंय न्हवं," काकू म्हणाली.

रानात गेलेल्या तात्यांनी टीव्हीचा आवाज आपणहून बंद केला. फौजी माणूस, हुकूम तोंडाने सांगावा लागत नाही. मग काकूने मुलाला नवीन फरश्या दाखवल्या, मांजरीची पिल्लं दाखवली, कुणाच्या साखरपुड्यात जेवण कमी पडलं ते सविस्तर सांगितलं. मोटारसायकल घसरली होती, ही बातमी मात्र त्या घरात कुठेच घडली नव्हती.

मला हसू आलं, कारण ही विद्या तिला सासूकडून मिळालेली आहे, आणि त्या सासूची लेखनिक मी होते.

तात्या मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले तेव्हा आजीला सही करायला अंगठाच होता. घरात अक्षर बरं असणारी मी. आजी अंगणात ज्वारी निवडत बसायची आणि मी पालथ्या परातीवर निळं अंतर्देशीय पत्र ठेवून मांडी ठोकायची. गुरुजींनी शिकवल्याप्रमाणे मी "चि. तात्यास अनेक आशीर्वाद, वि. वि. पत्र लिहिण्यास कारण की" असं सुरू करायची. आजी म्हणायची, "कारन काय लिवत बसलीयास? म्हशीचं लिव आधी."

पहिला मान म्हशीचा. व्याली का, रेडी की रेडकू, दूध किती देते. मग पाऊस, म्हणजे बहुतेक तो न आल्याची हकिकत. आमचा माण तालुका, तिथे दुसरं काय लिहिणार! मग विहिरीचं पाणी. मग गावातली लग्नं, आणि लग्नापेक्षा त्यात कोण रुसलं ते जास्त. कुणाला फेटा बांधायचा राहिला, कुणाची विहीण पंगतीतून उठली. मजकूर संपता संपायचा नाही आणि कागद संपायचा, मग मी समासातून आडवी लिहीत जायची. शेवटी सगळं वाचून दाखवायला लागायचं. आजी डोळे मिटून ऐकायची आणि म्हशीला एक ओळ कमी पडली असेल तर तिला बरोब्बर कळायचं. घडीची गोंदपट्टी कधी धड चिकटायची नाही. मग भाताची शितं.

पत्त्याची गंमत वेगळीच. नंबर, हुद्दा, नाव, पलटण, आणि खाली नुसतं "मार्फत ५६ ए.पी.ओ." गाव नाही, जिल्हा नाही. जवान कुठे आहे ते पाकिटावरून कळू नये म्हणून फौजेच्या टपालाची ही सोय. ५६ लिहिलेली पत्रं दिल्लीला जातात, ९९ लिहिलेली कोलकात्याला, आणि पुढे ज्या त्या तुकडीकडे. हे मला पुष्कळ नंतर कळलं. आजीच्या लेखी छप्पन हे गाव होतं. "तिकडं छप्पनला थंडी लई हाय का इचार," असं ती लिहायला सांगायची. पुढे पलटण पूर्वेकडे हलली आणि पत्त्यात ९९ आलं, तेव्हा तिचा चेहरा उतरला. छप्पनावरून नव्याण्णव म्हणजे पोरगं फारच लांब गेलं. हिशोब अडाण्याचा, पण उत्तर बरोबर!

न लिहिण्याच्या गोष्टींचीही तिची यादी पक्की होती. सोसायटीचं थकलेलं कर्ज नाही. विकलेला बैल नाही. आजोबांना सरकारी दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा मी त्यांचं नाव लिहायला घेतलं, तर माझा हात धरून म्हणाली, "ते नगं. बंदूक हाय त्येच्या हातात. ध्यान हिकडं ऱ्हाईल." मग त्या जागी शेवग्याला आलेल्या शेंगा लिहिल्या.

पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेल्या हिंदी शिपायांची पत्रं तपासायला इंग्रजांनी तिथे खास कचेरी बसवली होती. शिपायांनी त्यावर तोड काढली: हिंदी सैनिक म्हणजे काळी मिरी, गोरे म्हणजे लाल मिरची, आणि घरी कळवायचं की काळी मिरी संपत आली. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यातून त्या युद्धात गेलेले ४६ जण परतले नाहीत. गावात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. त्यांच्या आयांनी काय लिहवून घेतलं असेल, कोण जाणे. म्हशीच लिहिल्या असतील. साहेबांची कचेरी असो नसो, आजीसारखी बाई घरात असल्यावर वेगळा सेन्सॉर लागतो कशाला?

वाईट बातमी द्यायची वेळ यायची ती रजेसाठी, आणि तीही खोटी. "मदर सीरियस कम सून." आमच्या तालुक्यात सुगीच्या आणि लग्नसराईच्या दिवसांत किती आया एकदम सीरियस व्हायच्या! साहेबांनाही हे ठाऊक असणारच. आत्याच्या लग्नाला अशी तार ठोकायचं ठरलं तेव्हा आजी आधी भडकली, "मला कशाला मारताय रं?" मग कबूल झाली आणि तार गेल्या गेल्या स्वतःवरून मीठमोहऱ्या ओवाळून घेतल्या. २०१३च्या जुलैत तारखातं बंद झालं. आता हे लोक कोणती सबब सांगतात, काकूला विचारायला हवं.

तर त्या दुपारी फोन ठेवल्यावर मी तात्यांना म्हटलं, आजी तुम्हाला असंच फसवायची. तात्या म्हणाले, "फसतंय कोन? आईच्या पत्रात ज्याचं नाव नसायचं, त्याची काळजी करायची. आबांचं नाव नव्हतं तवाच मी समजलो."

मग आता पोरालाही कळलं असेल की, मी म्हटलं. काकूने माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा पिऊ लागले.

आजीची पत्रं काही उरली नाहीत. बदली झाली की तात्या ती जाळून टाकत, ट्रंकेत जागा किती असणार! त्यांची पत्रं मात्र आहेत. आजी ती माजघरातल्या तारेला टोचून ठेवायची. बऱ्याच पत्रांचे कोपरे उंदरांनी खाल्लेत, पण खाण्यासारखं त्यात फार काही नव्हतंच. मी इकडे खुशाल आहे, मनीऑर्डर केली आहे, आबांची तब्येत सांभाळा. त्यात एक १९९९च्या जुलैतलं आहे. इथली हवा चांगली आहे, जर्दाळू मिळतात, काळजी नसावी, एवढंच. त्या उन्हाळ्यात ते कुठे होते, हे आम्हाला ते रजेवर आले तेव्हा समजलं, आणि तेही त्यांच्या सोबत्याच्या तोंडून.

मी ते पत्र तात्यांपुढे धरलं. चष्मा लावून त्यांनी ते दोनदा वाचलं आणि परत दिलं.

"मग?" ते म्हणाले. "चांगलीच होती हवा."