चांगला शिक्का पण शिक्काच ना

पुण्यात नोकरीला होतो तेव्हा डबा उघडला की कोणीतरी म्हणायचंच, अरे नागपूरचा ना तू, तिखटजाळ सावजीवर वाढलेला माणूस, तुला हे आमचं जेवण काय लागणार. आता आमच्या घरी आई भाजीत साखर टाकते (हो, नागपूरच्या महाल भागात राहून टाकते, करा काय करायचं ते) आणि सावजीचा रस्सा मला दुरूनच बरा वाटतो. बरं, लोक हे प्रेमानं म्हणायचे, त्यामुळे चिडता पण येत नाही. शिवी दिली तर भांडता येते, कौतुकाशी कसं भांडायचं?

तेव्हापासून डोक्यात हेच घोळून राहिलं आहे. वाईट शिक्क्यांबद्दल आपण निदान बोलतो तरी. २०१४ साली दिल्लीत अरुणाचलच्या नीडो तानियाला केसांवरून, दिसण्यावरून चिडवलं, मारलं, त्यात तो पोरगा गेला, मग ईशान्येकडच्या लोकांसाठी बेझबरुआ समिती बसली. २०२० मध्ये याच लोकांना रस्त्यावर 'कोरोना' म्हणून हाका मारल्या तेव्हा गृह मंत्रालयाला राज्यांना पत्र लिहावं लागलं. हे वाईट आहे हे सगळ्यांना कळते, करणाऱ्यालाही बहुतेक कळत असावं. पण 'हे लोक किती शांत असतात बाई' याच्याविरुद्ध कोण समिती बसवणार?

शांतवरून आठवलं, आपल्या नागपुरातच भदंत सुरई ससाई आहेत. जन्मानं जपानी, त्यात भिक्खू, म्हणजे शांतपणाचा डबल शिक्का. आणि हा माणूस जपानमधून इकडे आला, इथल्या इंदोरा भागात राहिला, भारताचं नागरिकत्व घेतलं, बोधगयेच्या महाविहारासाठी ९० च्या दशकात आंदोलनं उभी केली, वरून रामटेकजवळच्या मनसरच्या उत्खननासाठी धडपडला. दीक्षाभूमीवर येणाऱ्यांना तो जपानी म्हणून नाही, ससाई म्हणून माहीत आहे. पण नागपूरबाहेरच्या कोणाला सांगून पाहा, पहिला प्रश्न, ते ध्यान वगैरे शिकवतात का?

असाच चांगला शिक्का बसलेल्या दुसऱ्या म्हणजे स्वेटरवाल्या ताई. हिवाळा लागला की तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागतात तिथे मी शेजारच्या काकूंना घेऊन गेलो होतो. काकूंनी जाता जाता गाडीवरच मला सगळं सांगून ठेवलं होतं, की हे लोक हिमालयातले, हातानं विणतात, दलाई लामांचे ना, खोटं बोलत नाहीत, भाव वाढवून सांगत नाहीत. आणि तिथे पोचून ताईंनाही तेच ऐकवत स्वतः निम्म्या भावात मागायला लागल्या. ताई शुद्ध मराठीत म्हणाल्या, काकू, भाव वाढवला नाही म्हणता मग कमी कशाला करून राहिल्या?

काकू गारच. "अय्या, किती छान मराठी बोलता हो तुम्ही!"

आता याच्यावर ताईंचा चेहरा बघण्यासारखा होता. रोज ऐकत असतील बिचाऱ्या. त्या गोंदिया जिल्ह्यातल्या, अर्जुनी मोरगाव तालुक्यात प्रतापगडजवळ तिबेटी वसाहत आहे ना, नॉर्गेलिंग, १९७२ पासूनची, तिथल्या. तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यात होता, गोंदिया वेगळा झाला १९९९ ला, म्हणजे ही वसाहत गोंदिया जिल्ह्यापेक्षा जुनी आहे राजेहो. तिथे जन्मलेल्या बाईनं मराठी नाही बोलायची तर काय बोलायची? मलाच कोणी छान मराठी बोलतोस म्हणत नाही, आणि माझी काही फार छान नाही.

हातानं विणल्याचं विचारलं तर म्हणाल्या, माल लुधियानाचा आहे. सरळ सांगितलं. (खोटं न बोलण्याचा मुद्दा काकूंना मिळाला, पण हिमालय गेला.)

मग काकू रंग निवडत बसल्या आणि मी उगाच गप्पा मारत उभा राहिलो, तेव्हा कळलं की ताईंना झाडीपट्टीची, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या गावांची नाटकं भयंकर आवडतात. रडारडीची नाही, विनोदी. पण वांधा असा की नाटकांचा सीझन दिवाळी ते होळी, आणि स्वेटरचा सीझन पण तेव्हाच, म्हणजे तिकडे गावोगावी मंडप पडून राहिलेत आणि ह्या इकडे नागपुरात थर्मल विकून राहिल्या. लहानपणी रात्र रात्र बसून पाहिलेली नाटकं त्यांना आठवतात, आता नणंद फोनवर स्टोरी सांगते, ती पण अर्धवट, आणि शेवट सांगत नाही म्हणून दोघींचं वाजते. तिबेटबद्दल मी काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही. सांगावंसं वाटलं असतं तर सांगितलंच असतं, बोलायला कमी नव्हत्या.

तेवढ्यात बाजूच्या दुकानवाल्यानं त्याचा टेबल थोडा यांच्याकडे सरकवला. त्याच्यावर ताईंनी त्याला जे काही सुनावलं, अर्धं हिंदीत, अर्धं झाडीबोलीत, उरलेलं तिबेटीत असावं, ते ऐकून समोरचा चहावाला गाळणी हातात घेऊन बघतच राहिला आणि टेबल गुमान मागे गेला.

काकू पैसे मोजत होत्या. गाडीवर बसल्यावर म्हणाल्या, किती शांत असतात नाही हे लोक.