दादाच्या वाईट दिवसांची नोंद

मंगळवार, रात्र

दादाला स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार आहे. त्याचा मदतीचा अर्ज नामंजूर झाल्याचं पत्र आज आलं. कारण एका ओळीचं: अर्जदार स्वतःची दैनंदिन कामं स्वतः करू शकतो.

तपासणीच्या दिवशी तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेला होता. समोरच्या साहेबांनी विचारलं, अंघोळ स्वतः करता? हो. औषधं वेळेवर घेता? हो. काही त्रास? नाही, आता मी अगदी बरा आहे. आई मध्ये बोलायला गेली तर म्हणाले, ‘त्यांना बोलू द्या.’ पुढचा नंबर पुकारला गेला आणि आम्ही उठलो.

त्या दाढीमागे अख्खी सकाळ गेली होती. तो आरशासमोर ब्रश घेऊन उभा राहतो आणि तसाच राहतो, कारण त्याच वेळी त्याच्या कानात कुणीतरी बोलत असतं. मी मागे उभी राहून सांगत होते, आता डावा गाल, आता हनुवटी. बटणं आईनं लावली. गोळी मी रोज समोर बसून देते आणि जीभ उचलून दाखवायला सांगते, कारण गालात धरून ठेवायची आणि नंतर बेसिनमध्ये टाकायची, हे आमच्याकडे बरेचदा झालं आहे. असं काही लिहायला त्या फॉर्मवर रकानाच नाही.

‘मी बरा आहे’ असं म्हणताना दादाला ते मनापासून खरं वाटतं. जोसेफ बाबिन्स्की या फ्रेंच डॉक्टरांनी १९१४ साली अर्धांगवायूचे असे रुग्ण नोंदवले होते, ज्यांना आपलं अंग लुळं पडलंय हेच उमगत नव्हतं. स्किझोफ्रेनियातही पुष्कळ जणांना आपण आजारी आहोत ही जाणीव राहत नाही. डॉक्टर ते लक्षण म्हणून केसपेपरवर लिहितात. तेच वाक्य कार्यालयातल्या टेबलावर पोचलं की आजार नसल्याचा पुरावा होतं. याचा मला राग येतो आणि तो राग मी आज दाबणार नाही.

मदत मिळवायला काय काय लागतं? ठरल्या वेळी पोचायचं, रांगेत तासन्‌तास उभं राहायचं, अनोळखी माणसाच्या नजरेला नजर देऊन नेमकं उत्तर द्यायचं, कागदात त्रुटी निघाली की पुन्हा यायचं, आणि महिनोन्‌महिने उमेद टिकवायची. हा आजार माणसाचं नेमकं हेच काढून घेतो. आवाज ऐकू येणं, संशय घेणं हे लोकांना दिसतं. पण उठावंसं न वाटणं, बोलणं आटत जाणं, सुरू केलेलं अर्ध्यात सुटणं हे औषधांनीही फारसं हटत नाही, आणि बाहेरच्यांना तो आळस वाटतो. नातेवाइकांनाही वाटतो. ज्याच्या घरात मागे धावणारं कुणी नाही, त्याचा अर्ज खिडकीपर्यंत पोचतच नसणार. खरी गरज त्यालाच सगळ्यात जास्त असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं जगात साधारण ३०० माणसांमागे एकाला हा आजार आहे. आणि सरकारं आरोग्यावर जे खर्च करतात, त्यातले सरासरी जेमतेम २ टक्के मानसिक आरोग्याच्या वाट्याला येतात. इटलीनं १९७८ साली कायदा करून मनोरुग्णालयं बंद करायला घेतली. इतर देशांतही माणसं कोंडून ठेवणं कमी झालं. ते व्हायलाच हवं होतं, दादाला कुठे कोंडलेलं मला पाहवलं नसतं. पण बाहेर आलेल्या माणसाला लागणारा आधार बहुतेक ठिकाणी घरच्यांच्या गळ्यात पडला, आणि घरच्यांना काय लागतं हे विचारायचं राहून गेलं.

सगळ्यात जड जातं ते दोन तोंडांनी बोलणं. घरी दिवसभर त्याला सांगायचं, जमेल तुला, कालपेक्षा आज बरं झालं. आणि कागदावर लिहायचं, याला काहीही जमत नाही. मागे एकदा मी लिहीत असताना तो मागून येऊन उभा राहिला. ‘स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ’ हे त्यानं मोठ्यानं वाचलं. मग विचारलं, ‘हे माझ्याबद्दल आहे?’ मी म्हटलं, आजाराबद्दल आहे. तो काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी स्वतःचं अंथरूण त्यानं न सांगता घडी केलं. मला आनंद व्हायला हवा होता. मी मात्र, हे तपासणीच्या दिवशी नको घडायला, असा विचार करत होते. मदतीची वाट बघणं माणसाला कुठे नेऊन ठेवतं, ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

पत्र वाचून आई म्हणाली, ‘मी आणि दादा एकदमच गेलो तर तू तरी सुटशील.’ असं बोलणं रागाचं म्हणून सोडून देऊ नये. मी तिला सरळ विचारलं, तुझ्या मनात जीव द्यायचं येतं का? विचारल्यानं मनात नसलेलं भरवलं जात नाही, हे मला डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. ती रडली, मग बराच वेळ बोलली. उद्या डॉक्टरांकडे तिचीही वेळ घेतली आहे. शुभंकर म्हणून, म्हणजे आजारी माणसाची काळजी घेणारे म्हणून, आम्ही सगळे दादाकडे बघत राहतो, आईकडे कुणी बघितलंच नव्हतं. पैशाची ओढाताण, त्यातून चिडचिड, चिडचिडीतून टोमणे, आणि अशा घरात आजार पुन्हा उसळण्याची शक्यता वाढते. लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन या समाजशास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकापासून रुग्ण घरी परतल्यावर त्यांचं काय होतं याचा अभ्यास केला, त्यात हे दिसलं होतं. मदत वेळेवर मिळणं हाही उपचारच आहे, हे त्या एका ओळीच्या पत्रावर सही करणाऱ्याला कळायला हवं.

आता अपील. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात २५ व्या कलमात आजारपण आणि अपंगत्व आल्यास आधार मिळण्याचा हक्क आहे. २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात मानसिक आजारही धरलेला आहे. पण अपील हक्काच्या भाषेवर टिकत नाही, तपशिलावर टिकतं. डॉक्टरांनी मला रोज लिहायला सांगितलंय: कोणतं काम, कितीदा सांगावं लागलं, सोबत कोण होतं, अर्ध्यात कुठे थांबलं. ‘अंघोळ करतो’ असं लिहायचं नाही. ‘पाणी काढून दिल्यावर, दाराबाहेर उभं राहून आठवण केल्यावर करतो’ असं लिहायचं. रोजची कामं करताना किती अडचण येते हे मोजायच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या ३६ प्रश्नांच्या मोजणीत गेल्या ३० दिवसांचं विचारतात, आणि सोबतच्या माणसाकडून भरून घ्यायचा नमुनाही त्यात आहे. म्हणजे घरच्यांना विचारणं ही काही जगावेगळी मागणी नाही. तेवढंच मी अपिलात मागणार आहे.

सही मात्र दादाचीच लागते. त्याआधी सगळं त्याला वाचून दाखवायचं ठरवलंय. जो शब्द त्याला लागेल तो बदलून घेऊ, तपशील तसाच ठेवू. गुरुवारी दुपारी तो जरा मोकळा असतो, तेव्हा बसू.