वारीच्या वाटेवर दोनच लेन्स

वडकी नाल्याला पालखी दुपारच्या विसाव्याला थांबली. मी खांद्यावरची बॅग उतरवून ठेवली आणि पुन्हा उचलायची वेळ आली तेव्हा मान वळेना. पहाटे पुण्यातून निघालेली मी. समोर दिवे घाट उभा, सासवड अजून लांब, आणि बॅगेत कॅमेऱ्यासोबत तीन झूम लेन्स. दिंडीतले नाना शेजारी भाकरी सोडत बसले होते. बॅग एका हाताने उचलून बघत ते म्हणाले, “माऊली, हे ट्रकात टाका. वारीत अंगावर वीणा, नाहीतर डोईवर तुळस. बाकीचं सगळं मागनं येतं.” मी टाकलं. घाट रिकाम्या हातांनी चढले. वर पोचले तेव्हा ढग खाली उतरलेले, सगळा घाट पताकांनी भरलेला, आणि कॅमेरा कुठल्याशा ट्रकात गाद्यांच्या खाली.

पुढच्या वर्षी पुण्यापासून फलटणपर्यंत चालायचं हे त्याच संध्याकाळी सासवडला ठरलं. सात-आठ दिवस, सुमारे ११० किलोमीटर. कॅमेरा या वेळी ट्रकात जाणार नाही हेही ठरलं. मग न्यायचं काय, हे ठरवायला मला जवळजवळ तीन महिने लागले. ते सविस्तर लिहिते, कारण वारीला किंवा लांबच्या ट्रेकला कॅमेरा घेऊन निघणाऱ्या प्रत्येकाला या पेचातून जावंच लागतं.

सुरुवात स्वयंपाकघरातल्या काट्यापासून केली. निकॉन डी ७५० बॅटरी आणि कार्डासकट ८४० ग्रॅम. १६-३५ एफ ४ लेन्स (पहिले आकडे एमएमचे, ते जितके मोठे तितकं लांबचं जवळ दिसतं; ‘एफ’चा आकडा जितका लहान तितका लेन्समधून जास्त उजेड येतो) ६८० ग्रॅम, २४-७० एफ २.८ नऊशे, आणि ७०-२०० एफ २.८ एकटीच १५४० ग्रॅम. चौघांची बेरीज चार किलोला ४० ग्रॅम कमी. वर बॅग, चार्जर, छत्री, पाणी. साडेपाच किलो एका खांद्यावर घेऊन मी हडपसर ओलांडलं होतं. फिजिओथेरपिस्टने पूर्वीच बजावलं होतं, एका खांद्यावर तीन किलोच्या वर नको. म्हणून मर्यादा घालून घेतली: लेन्स कितीही न्या, सगळ्या मिळून एक किलोच्या आत.

ही मर्यादा घातल्यावर ७०-२०० आपोआप बाद झाली. पण मन मानेना. रिंगणात धावणारा अश्व, घाटातल्या वळणांवर एकावर एक रचल्यासारख्या दिसणाऱ्या दिंड्या, हे सगळं लांबच्या लेन्सचं काम. म्हणून आदल्या वर्षीचे फोटो पुन्हा काढले. प्रत्येक फोटोसोबत तो किती फोकल लेंथवर, म्हणजे किती एमएमवर, घेतलाय याची नोंद असतेच, त्यावरून सगळे फोटो वेगळे लावले आणि मला जे खरंच ठेवावेसे वाटले तेवढ्यांवरच खूण केली. खुणेचे बहुतेक फोटो २८ ते ४० एमएमच्या दरम्यानचे निघाले. थोडे ८०-९०च्या आसपास. २०० एमएमवरचे खूप होते, दिसायलाही छान होते, पण खुणा त्यावर फार थोड्या. बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले तेव्हा कारण कळलं. लांबून घेतलेल्या फोटोंत कुणालाच माझा पत्ता नव्हता. ३५वरच्या एका फोटोत हिरव्या नऊवारीतल्या आजी आपला टाळ माझ्यासमोर धरून दाखवतायत, दोरी नवीन बांधलीय म्हणून. तो फोटो काढायला मला आजींपासून हातभर अंतरावर असावं लागलं होतं.

मग पालखीचं वेळापत्रक समोर घेऊन बसले. ज्ञानेश्वर माऊलींच्या सोहळ्यात गोल रिंगणं होतात ती पुढे, सदाशिवनगरच्या बाजूला, फलटण सुटल्यावर. माझ्या टप्प्यात एकच रिंगण, तरडगावच्या अलीकडे चांदोबाचा लिंब इथलं. ते उभं रिंगण असतं: वारकरी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे आणि मधल्या वाटेतून अश्व दौडतात. तिथे दिंडीसोबत ओळीत उभं राहिलं की घोडा समोरून जाणार. लांबच्या लेन्सचा उपयोग शून्य. घाटातली वळणं राहिली. ती टिपायला डोंगरावर चढून बसावं लागतं, म्हणजे दिंडी सोडावी लागते. ती मला सोडायची नव्हती. इथे ७०-२००चा विषय संपला, आणि मला हायसं वाटलं.

आता खरी लढत उरली दोघांत. एका बाजूला २४-१२० एफ ४, ७१० ग्रॅम. दुसऱ्या बाजूला दोन प्राइम, म्हणजे झूम न होणाऱ्या लेन्स, ३५ एफ १.८ आणि ८५ एफ १.८, मिळून ६५५ ग्रॅम. वजन जवळपास सारखंच. २४-१२०च्या बाजूने मोठा मुद्दा पावसाचा. आषाढात रस्त्यावर, गर्दीत, भिजल्या हातांनी लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरवर पाणी उडण्याची भीती. एकच झूम लावलेली असली की तो प्रश्नच नाही. मैत्रिणीकडून ती मागून आणली आणि एका रविवारी सगळं सामान पाठीशी बांधून सिंहगड चढले. मान दुखली नाही. त्या दिवशी जवळजवळ तिच्याच बाजूने निकाल दिला होता.

निकाल फिरला तो मंडईत. तीन संध्याकाळी दिवेलागणीनंतर महात्मा फुले मंडईत जाऊन दोन्हींनी फोटो काढले, कारण वारीतला माझा अर्धा वेळ अशाच उजेडात जाणार होता. पहाटेचा काकडा, राहुटीतला एकच बल्ब, रात्रीची समाजआरती. एफ १.८ म्हणजे एफ ४च्या जवळजवळ पाचपट उजेड. त्याच आयएसओवर, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता तीच ठेवून, एकीकडे शटर १/१२५ सेकंद मिळतो, दुसरीकडे १/२५. झूममध्ये व्हायब्रेशन रिडक्शन आहे, त्याने माझा हात हलला तर सावरतं. पण समोरच्या भाजीवालीने कोथिंबिरीची जुडी झटकली की १/२५ला तिच्या हाताचं नुसतं फडकं होतं. टाळ वाजवणाऱ्या हातांचंही तेच झालं असतं. दोन प्राइम घ्यायच्या ठरल्या.

५० एमएम घ्यावी का, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. ती अवघी १८५ ग्रॅमची आणि माझी लाडकी. पण ३५ आणि ५० यांच्यातलं अंतर मी दोन पावलं पुढे जाऊन भरून काढू शकते. ३५ आणि ८५ यांच्यातलं नाही. आणि ८५चा फोटो कापून डीएक्स आकारात, म्हणजे मधल्या लहान भागापुरता, आणला तरी सुमारे १० मेगापिक्सेल उरतात, साधारण १२७ एमएमने दिसेल तेवढं त्यात येतं. लांबच्या लेन्सची उणीव तेवढ्याने थोडी भरून निघते.

बाकी सामानाला वेळ लागला नाही. तीन बॅटऱ्या, दोन जुने पंचे, आंघोळीच्या वेळी डोक्याला घालतात त्या दोन प्लॅस्टिकच्या टोप्या कॅमेऱ्यावर चढवायला. ३५ कायम कॅमेऱ्यावर, ८५ कमरेच्या पिशवीत.

दिवे घाटात पावसाने गाठलंच. मागे रथ, पुढे विणेकरी, आणि मला ८५ लावायची होती, कारण वळणावर तुळशीवाल्या बायांची एक ओळ धुक्यातून वर येत होती. बाजूला आडोसा नाही. दोन मिनिटं नुसती उभी राहिले. इतक्यात एका आजींनी डोक्यावरचा प्लॅस्टिकचा कागद दोन्ही हातांनी पसरून धरला. “या माऊली आत, यंत्र भिजतंय तुमचं.” त्यांच्या खांद्याला खांदा लावून मी कॅमेऱ्याचं तोंड खाली धरलं, ३५ काढली, ८५ बसवली. कागदावर पाऊस तडतडत होता आणि आजी न थांबता “ज्ञानोबा माऊली तुकाराम” म्हणत होत्या. लेन्स बसल्याचा खट आवाज झाला तसं त्यांनी विचारलं, “झालं?” मान हलवली. तोवर तुळशीवाल्या पुढे निघून गेल्या होत्या. तो फोटो मिळाला नाही. त्या कागदाखालचा, आजींच्या ओल्या कपाळावरच्या बुक्क्याचा मिळाला, ८५च्या अगदी जवळच्या फोकसवर.

रात्रीच्या समाजआरतीला मात्र ८५चं चीज झालं. सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोल उभ्या, हजारो टाळ एका वेळी वाजत असतात. चोपदार चोप, म्हणजे हातातला दंड, वर उचलतात आणि क्षणात सगळं शांत. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचेच टाळ वाजत राहतात, मग चोपदार तिथे जाऊन ऐकून घेतात. मी वाकून, कडेला, पुढे न घुसता, चोप उचललेला तो हात टिपला. एफ १.८, १/१२५, आयएसओ ३२००. शांतता पडली आणि मी बोट बटणावरून काढलं. डी ७५०ला क्वाएट मोड आहे, तरी शटरचा आवाज येतोच, आणि त्या शांततेत तो करण्याची माझी तयारी नव्हती.

चांदोबाच्या लिंबाला नानांनी मला ओळीत पुढे उभं केलं. १/१०००, एफ ५.६, ३५ एमएम. आधी स्वाराचा अश्व गेला, मागोमाग माऊलींचा, अंगावर चिखलाचे शिंतोडे आले आणि शेजारचे सगळे खाली वाकून टापांखालची माती कपाळाला लावायला लागले. घोड्याचा फोटो फ्रेमच्या बाहेर अर्धा कापला गेलाय. मातीकडे झेपावलेले हात सगळे आलेत.

फलटणला पालखी विमानतळावर मुक्कामाला पोचली तेव्हा मान दुखत नव्हती, पाय दुखत होते. येत्या आषाढीला फलटणपासून पंढरपूरपर्यंत चालायचं आहे. त्या टप्प्यात गोल रिंगणं आहेत, मैदान मोठं, अश्व लांबून धावणार, आणि तिथे ८५ अपुरी पडेल याबद्दल मला शंका नाही. ७०-३०० लेन्स ६८० ग्रॅमची आहे. ३५सोबत नेली तर ९८५, किलोच्या आत बसते. पण मग ८५ घरी राहते आणि रात्रीच्या आरतीला एफ ५.६वर काय करायचं, हा प्रश्न उरतो. काटा गेल्या आठवड्यापासून ओट्यावरच आहे. सध्या कौल ८५च्या बाजूने आहे.