क्रॉनची ओळ घालणं सोपं, काढणं अवघड

बागांमध्ये ऑक्टोबर छाटणी चालू असते त्या दिवसांत मी आमच्या सगळ्या सर्व्हरची क्रॉनटॅब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालायच्या कामांची यादी, उघडते आणि ओळ न् ओळ वाचते. अंबड एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या टीमकडे दिंडोरी, पिंपळगाव, ओझर भागातल्या काही द्राक्ष पॅकहाउसचं सॉफ्टवेअर आहे. मालाची आवक, प्री-कूलिंगच्या खोल्यांचं तापमान, पॅलेटचे बारकोड, न्हावा शेवाला निघणाऱ्या कंटेनरची कागदपत्रं, असं सगळं. यातलं बरंचसं काम कुणी समोर बसलेलं नसताना ठरल्या वेळी आपोआप होतं: पहाटेचा आवक रिपोर्ट, रात्रीचा बॅकअप, तासातासाला तापमानाच्या नोंदी गोळा करणं. हंगामात यातलं एकही काम हुकलं तर गेटवर गाड्या खोळंबतात.

ही यादी वाचून कामं चालवणारा प्रोग्रॅम म्हणजे क्रॉन. तो जुना आहे. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत तो होता. लिनक्सवर आज जो दिसतो त्याचं मूळ पॉल व्हिक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलं. वेळेचे पाच रकाने आणि पुढे कमांड, बस. इतकं साधं आहे म्हणूनच कुणीही येतो, ‘क्रॉनटॅब -ई’ करून ओळ घालतो आणि निघून जातो. कुणी घातली, कशासाठी घातली, कधीपर्यंत ठेवायची, काही लिहिलेलं नसतं. कीबोर्डवर ‘ई’च्या शेजारीच ‘आर’ आहे, आणि ‘क्रॉनटॅब -आर’ काहीही न विचारता अख्खी यादी पुसतो. सर्व्हर एक-दोन असतील तोवर हे निभतं. पॅकहाउसगणिक मशीन वाढली की निभत नाही, म्हणून आम्ही ही वेळापत्रकं अ‍ॅन्सिबलच्या प्लेबुकमध्ये आणली; अ‍ॅन्सिबल म्हणजे अनेक मशीनची मांडणी लिहिलेल्या सूचनांवरून करणारं साधन, आणि प्लेबुक म्हणजे त्या सूचनांची फाइल. आता गिटमध्ये, म्हणजे कोडचा प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या साठ्यात, जे लिहिलंय तेच मशीनवर असलं पाहिजे, हा आमचा नियम.

नियम लिहायला एक ओळ लागते, पाळायला बरंच काही समजून घ्यावं लागतं. अ‍ॅन्सिबलचं क्रॉन मॉड्युल, म्हणजे क्रॉनच्या ओळी घालणारा त्याचा भाग, प्रत्येक कामाला एक नाव मागतं. ते नाव क्रॉनटॅबमध्ये कामाच्या वरच्या ओळीत शेरा म्हणून बसतं, आणि पुढच्या वेळी मॉड्युल तो शेरा शोधूनच ठरवतं की हे काम आधीपासून आहे की नवं घालायचंय. कमांड बदला, वेळ बदला, ते जुनीच ओळ दुरुस्त करतं. नाव बदललं की मात्र त्याच्या लेखी ते वेगळंच काम.

आमच्याकडे एका सहकाऱ्याने नावं जरा नीट करावीत म्हणून ‘रोजचा रिपोर्ट’चं ‘पहाटेचा आवक रिपोर्ट’ केलं. हेतू चांगलाच होता. प्लेबुक चाललं, हिरव्या-पिवळ्या ओळी आल्या, कुठे लाल नाही. सकाळी पॅकहाउसच्या सुपरवायझर काकांचा फोन: “मॅडम, आज आवक दुप्पट दिसतीये. माल तर कालएवढाच आलाय.” क्रॉनटॅबमध्ये दोन शेरे आणि त्यांच्याखाली दोन सारख्याच ओळी होत्या. त्या स्क्रिप्टने पहाटे पाचला दोनदा बेरीज करून दोन्ही वेळा एकाच तक्त्यात टाकली होती. काका रोज वजनकाट्याची वही समोर घेऊन रिपोर्ट तपासतात म्हणून लगेच कळलं. नुसता आकडा पुढे पाठवणारा माणूस असता तर तो आकडा थेट निर्यातीच्या कागदांवर गेला असता.

प्लेबुकमधून काम खोडलं तरी असंच होतं. कोडमधून ओळ गेली याचा अर्थ अ‍ॅन्सिबल ‘याबद्दल मला काही सांगितलेलं नाही’ असा घेतं, आणि मशीनवरची ओळ जागच्या जागी राहते. ती काढायची तर जुन्याच नावाने ‘स्टेट: अ‍ॅब्सेंट’ लिहून सगळ्या मशीनवर एकदा फिरवावं लागतं. पपेट या अशाच दुसऱ्या साधनातही तसंच, ‘एन्शुअर’ला ‘अ‍ॅब्सेंट’ द्यावं लागतं. पपेटमध्ये सगळी क्रॉन कामं ‘पर्ज’ करायची सोय आहे, कोडमध्ये नसलेल्या ओळी ती सरसकट पुसते. जुन्या सर्व्हरवर ती लावायच्या आधी ‘नूप’ने नुसती पाहणी करा, कारण पुसल्या जाणाऱ्या यादीत कुणाचा तरी एकमेव बॅकअपही असू शकतो.

म्हणून माझं स्पष्ट मत असं झालंय की एकेक ओळ घालणाऱ्या मॉड्युलच्या वाटेला जाऊच नये. आम्ही आता प्रत्येक पॅकहाउससाठी एकच टेम्प्लेट (साचा) ठेवतो आणि त्यातून, क्रॉन जिथून कामं वाचतो त्या ‘क्रॉन.डी’ फोल्डरमध्ये अख्खी फाइल टाकतो. टेम्प्लेटमधून ओळ काढली की फाइल नव्याने लिहिली जाते आणि काम खरोखर बंद होतं. टेम्प्लेटमध्ये प्रत्येक कामाच्या वर आम्ही दोन गोष्टी लिहायला लावतो: हे कुणी मागितलं, आणि कधी बंद करायचं. ‘हंगाम संपेपर्यंत’ एवढं जरी लिहिलं असलं तरी मे महिन्यात तो शेरा वाचून काम काढता येतं.

‘क्रॉन.डी’चे स्वतःचे नियम आहेत. वेळेनंतर कुणाच्या नावाने चालवायचं तो सहावा रकाना लागतो. उबुंटू या लिनक्सवर फाइलच्या नावात टिंब असेल तर क्रॉन ती फाइल वाचतच नाही आणि तशी तक्रारही करत नाही. मालकी रूटची (मुख्य प्रशासक खात्याची) हवी, इतरांना लिहायची परवानगी नको, शेवटच्या ओळीनंतर एंटर हवा. बॅकअपच्या फाइलला तारीख द्यायला टक्क्याचं चिन्ह वापरलंत तर त्याच्या आधी उलटी तिरकी रेघ द्या, कारण क्रॉन नुसत्या टक्क्याला नवी ओळ समजतो आणि कमांड तिथेच तुटते.

मला सगळ्यात जास्त वेळ द्यावा लागला तो घड्याळाला. आमचे क्लाउडवरचे सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेवर, होते. आपली पहाटेची ५ म्हणजे तिथली आदल्या रात्रीची २३:३०. रोजच्या कामाला हे चालून जातं. पण रविवारी पॅकहाउस बंद, रिपोर्ट सोमवार ते शनिवारच हवा, म्हटल्यावर वाराच्या रकान्यात (० म्हणजे रविवार) ‘१-६’ नाही तर ‘०-५’ लिहावं लागतं. महिन्याच्या १ तारखेचा रिपोर्ट तर आणखी अडतो: यूटीसीत तो आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी येतो, आणि ‘महिन्याचा शेवटचा दिवस’ सांगायला क्रॉनमध्ये सरळ रकानाच नाही. रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सवरच्या क्रॉनीमध्ये (क्रॉनचाच एक प्रकार) फाइलपुरता वेगळा टाइमझोन देता येतो, उबुंटूच्या क्रॉनमध्ये नाही. शेवटी मशीनचाच टाइमझोन ‘एशिया/कोलकाता’ केला, तोही प्लेबुकमधूनच, आणि बदल झाला की क्रॉन रीस्टार्ट होईल असा हँडलर जोडला. आता काकांनी “हंगामात साडेचारला पाठवा” म्हटलं की टेम्प्लेटमध्ये साडेचारच लिहायचं.

वेळेच्या रकान्यांत अजून एक गोष्ट नव्या मुलांना मी आवर्जून सांगते. महिन्याचा पहिला सोमवार हवा म्हणून तारखेत ‘१-७’ आणि वारात ‘१’ लिहिलं तर काम पहिल्या सातही दिवशी चालतं आणि शिवाय दर सोमवारी. दोन्ही रकाने भरले की क्रॉन ‘हे किंवा ते’ असं धरतो.

सगळ्या मशीनचे बॅकअप ठोक २ वाजता सुरू झाले तर स्टोरेजवर झुंबड उडते. अ‍ॅन्सिबलच्या ‘रँडम’ फिल्टरला (यादृच्छिक आकडा काढणाऱ्या सोयीला) मशीनचं नाव ‘सीड’, म्हणजे सुरुवातीचं बीज, म्हणून दिलं की प्रत्येकीला आपापलं मिनिट मिळतं आणि दर वेळी तेच राहतं. सीड दिलं नाही तर प्रत्येक रनला मिनिट बदलतं. पपेटमध्ये याच कामाला ‘एफक्यूडीएन रँड’ आहे. तापमान गोळा करणारी स्क्रिप्ट लांबली तर तिच्यावर दुसरी चढू नये म्हणून तिला ‘एफलॉक’ लावलेला आहे.

पॅकहाउसमधल्या छोट्या मशीनचं दुखणं निराळं. तिथे वीज जाते, इन्व्हर्टर दमतो, आणि मशीन बंद असताना जी वेळ गेली ती क्रॉनसाठी कायमची गेली. तिथे आम्ही सिस्टमडी या लिनक्समधल्या सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेचे टायमर वापरतो. ‘पर्सिस्टंट’ चालू ठेवलं की टायमर शेवटचं कधी चाललो ते डिस्कवर नोंदवतो, आणि मशीन सुरू झाल्यावर हुकलेलं काम एकदा करतो. वेळ लिहायच्या ‘ऑनकॅलेंडर’मध्ये टाइमझोनही लिहिता येतो. काकांना मी ‘सिस्टमसीटीएल लिस्ट-टायमर्स’ चालवायला शिकवलंय. पुढची वेळ कोणती आणि मागची कोणती ते एका तक्त्यात दिसतं, आणि फोनवर ते मला वाचून दाखवतात.

या मशीन राउटरच्या मागे असल्याने बाहेरून आम्हाला तिथे शिरता येत नाही. म्हणून त्या उलट्या दिशेने चालतात: ‘अ‍ॅन्सिबल-पुल’ ठरल्या वेळी गिटमधून प्लेबुक ओढतो आणि स्वतःवरच चालवतो. तो ‘पुल’ही एका टायमरवरच आहे आणि त्या टायमरची फाइल त्याच प्लेबुकमध्ये आहे. ती बिघडली तर दुरुस्ती पोचायची वाटच बंद होते, आणि दिंडोरीपर्यंत गाडी काढावी लागते. त्यामुळे त्या एका फाइलला हात लावायचा तर आधी ऑफिसातल्या जादा मशीनवर ‘--चेक --डिफ’ (काही न बदलता काय बदलेल ते दाखवणारा रन), मग तिथेच खराखुरा रन, मग रीबूट करून पुढचा पुल आपोआप येतो का ते पाहायचं. त्यानंतर एका पॅकहाउसला, दुसऱ्या दिवशी बाकीच्यांना. हंगाम चालू असताना ती फाइल आम्ही बदलत नाही.