टाकीत इंधन असूनही

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, विचिटा शहरापासून जवळच असलेल्या एका लहान विमानतळावरील वर्कशॉपमध्ये मी विमानांच्या देखभालीचे आणि दुरुस्तीचे काम करतो. आमच्याकडे येणारी बहुतेक विमाने खासगी मालकीची, एका इंजिनाची आणि दोन किंवा चार आसनांची असतात. सप्टेंबरमधल्या एका दुपारी शेरिफच्या, म्हणजे स्थानिक पोलीसप्रमुखाच्या, कार्यालयातून फोन आला, की एक पायपर चेरोकी विमान गावाबाहेरच्या खडीच्या रस्त्यावर उतरले आहे, वैमानिक सुखरूप आहे, पण ते हलवण्यापूर्वी कोणीतरी जाणत्या माणसाने पाहावे. हत्यारांची पेटी गाडीत टाकून मी पाऊण तासाच्या आत तिथे पोहोचलो.

या भागातील जमिनीची मोजणी एकोणिसाव्या शतकात एकेक मैलाचे चौकोन आखून झाली आणि पुढे त्या चौकोनांच्या कडांवरूनच रस्ते गेले. त्यामुळे विमानातून खाली पाहिले की उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे सरळसोट रस्ते दूरवर दिसत राहतात. वारा बहुतेक वेळा दक्षिणेकडून येतो, म्हणजे इंजिन बंद पडलेल्या वैमानिकाला वाऱ्याच्या तोंडावर उतरता येईल असा रस्ता इथे सहज सापडतो. मात्र वरून मोकळा दिसणारा रस्ता मोकळा असतोच असे नाही. विजेच्या तारा हवेतून जवळजवळ दिसतच नाहीत, दिसतात ते फक्त खांब, आणि चौकाचौकांत त्या तारा रस्ता ओलांडून पलीकडे जातात. रस्त्याच्या कडेला पाट्या असतात, पत्रपेट्यांचे खांब असतात, दोन्ही बाजूंना चर असतात. या वैमानिकाने खांब पाहून तारांचा अंदाज घेतला होता आणि चौक मागे टाकल्यावरच चाके टेकवली होती. सुमारे नऊ मीटरच्या पंखांची दोन्ही टोके चरांवर आली होती आणि आजूबाजूला कापणीला आलेली ज्वारी उभी होती. इथली ज्वारी बुटकी, जेमतेम कमरेएवढी असते, आणि तिची कणसे तांबूस असतात.

शेरिफच्या हाताखालच्या अधिकाऱ्याने, म्हणजे डेप्युटीने, मला विचारलेला पहिला प्रश्न अपेक्षितच होता : पेट्रोल संपले का? त्याला दोष देता येणार नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, 2011 ते 2015 या काळातील नोंदी तपासल्या, तेव्हा इंधनाच्या व्यवस्थापनातील चुकांमुळे लहान विमानांचे वर्षाला सरासरी 50 हून अधिक अपघात होत असल्याचे दिसले. त्यांतील बहुसंख्य प्रकरणांत दोष माणसाचा होता. इंधन यंत्रणेतील बिघाडाचा वाटा अवघा 5 टक्के होता. असा इतिहास असल्यामुळे रस्त्यावर उतरलेल्या प्रत्येक वैमानिकाकडे लोक आधी संशयानेच पाहतात. हे गृहस्थ, एक निवृत्त शिक्षक, विमानाच्या सावलीत उभे होते आणि ‘उजवी टाकी भरलेली आहे’ हे एकच वाक्य प्रत्येकाला पुन्हा पुन्हा सांगत होते.

चेरोकीच्या दोन्ही पंखांत एकेक टाकी असते, प्रत्येकी 25 गॅलनची, म्हणजे साधारण 95 लिटरची. दोन्ही टाक्यांतून एकाच वेळी इंधन घेण्याची सोय या विमानात नाही. वैमानिकाने आठवणीने सिलेक्टर, म्हणजे टाकी निवडण्याची खटकी, फिरवून टाकी बदलायची असते. निघताना दोन्ही टाक्या भरलेल्या होत्या. पहिला तास डाव्या टाकीवर उडून त्यांनी नियमाप्रमाणे सिलेक्टर उजवीकडे वळवला. त्यानंतर दहा-बारा मिनिटांनी इंजिनाचा आवाज चढू-उतरू लागला आणि मग इंजिन बंदच पडले. ढगांच्या खालून जात असल्यामुळे विमान जमिनीपासून जेमतेम 1500 फुटांवर होते. एवढ्या उंचीवरून हे विमान दोन मिनिटांच्या आत जमिनीवर येते. हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरला असेल तर वितळावा म्हणून त्यांनी त्याची उष्णता चालू केली, विजेवरचा पंप लावला, मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण पूर्ण वाढवले आणि रस्ता निवडून विमान त्याच्या रेषेत आणले. उजव्या टाकीचा काटा भरल्याची खूण दाखवत असल्यामुळे टाकी बदलणे त्यांना सर्वांत शेवटी सुचले.

मी आधी पाण्याचा संशय घेतला. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्यामुळे टाकीच्या तळाशी साचते आणि पंखाखालच्या छोट्या झडपेतून नमुना काढला की पारदर्शक कपात वेगळे दिसते. मी दोन्ही टाक्यांचे आणि इंजिनाजवळच्या गाळणीचे नमुने काढले. तिन्हींत निळसर, स्वच्छ 100 एलएल, म्हणजे लहान विमानांचे पेट्रोल, होते. पाण्याचा थेंबही नव्हता. कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरला असेल का, हा पुढचा प्रश्न. पण तसा बर्फ वितळून गेला की मागे पुरावा राहत नाही आणि त्याच्या नावावर वाटेल ते खपवता येते, म्हणून मी त्या निष्कर्षावर घाईने जात नाही. मग उजव्या टाकीचे झाकण फिरवले. ते नेहमीपेक्षा जड गेले आणि सैल होताच सूं असा लांब आवाज करीत हवा आत शिरली. पाठोपाठ पंखाचा वरचा पत्रा टक् करून जागेवर आला. त्या क्षणी मला उत्तर मिळाले होते.

पंखाखाली, टाकीच्या मागच्या आतल्या कोपऱ्यातून, एक बारीक नळी बाहेर डोकावते. तिला व्हेंट म्हणतात. इंजिन जितके इंधन ओढते तितकी हवा या नळीतून टाकीत जायला हवी. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल धड बाहेर येत नाही, तसेच इथे होते : हवा न मिळाल्याने टाकीत पोकळी तयार होते, पंपाला इंधन ओढता येईनासे होते आणि नळीत इंधनाऐवजी वाफ भरते. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर वर हवेला जागाच थोडी असते, त्यामुळे ही पोकळी लवकर वाढते. मी पाठीवर झोपून टॉर्च मारला. नळीचे तोंड वाळलेल्या मातीने लिंपलेले होते. मातीचा तो बुच हलक्या हाताने फोडल्यावर आतून मातीच्या कपच्या आणि लुळ्या पडलेल्या बारीक कोळ्यांचा पुंजका निघाला. काम कुंभारमाशीचे होते. पिल्लांना खायला मिळावे म्हणून ती कोळ्यांना डंख मारून निश्चल करते आणि घरट्यात कोंबते. विमान काही आठवडे उघड्या शेडमध्ये न उडता उभे होते. तिला तेवढी सवड पुरली.

ही गोष्ट क्षुल्लक वाटू शकते, म्हणून सांगतो. 1996 साली डॉमिनिकन प्रजासत्ताकातून उडालेले बिर्गेनएअर या विमान कंपनीचे बोइंग 757 समुद्रात कोसळून 189 माणसे गेली, त्यात वेग मोजणारी नळी बुजलेली होती आणि अशाच माशीच्या घरट्याचा संशय तपासात व्यक्त झाला होता.

वैमानिकाच्या हकिगतीतील एक भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. टाकी बदलल्यावर रिकाम्या नळ्या भरून इंजिनाला पुन्हा जोर यायला दहा सेकंदांपर्यंत वेळ लागू शकतो, असे या विमानाच्या पुस्तिकेतच लिहिले आहे. त्यांनी सिलेक्टर डावीकडे वळवला आणि जमीन अगदी जवळ आली असताना इंजिनाने पुन्हा जोर धरला. त्यांनी थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा, मागे ओढला आणि ठरवलेल्या रस्त्यावरच उतरले. नंतर विमानतळावर दोघा-तिघांनी मत दिले, की डाव्या टाकीत 55 लिटरहून अधिक इंधन असताना त्यांनी वर चढून विमानतळ गाठायला हवा होता. मला हे अजिबात पटत नाही. इंजिन का थांबले हे त्यांना ठाऊक नव्हते. तेच इंजिन 300 फुटांवर पुन्हा थांबले असते, तर समोरचा सरळ रस्ता मागे पडला असता आणि पुढे तारा आल्या असत्या. हे मी त्यांना तिथेच, डेप्युटीसमोर, स्पष्टपणे सांगितले, आणि ‘पेट्रोल संपले नव्हते’ हेही सांगितले.

शेजारच्या शेतकऱ्याने ट्रॅक्टर आणून विमान आपल्या आवारात ओढून ठेवू दिले. दोन्ही व्हेंटना रबरी नळी लावून मी हलकेच फुंकर घातली आणि टाकीपर्यंतचा मार्ग मोकळा असल्याची खात्री केली. पत्र्याचे सांधे, इंधनाच्या नळ्या आणि कार्ब्युरेटरची वाटी तपासली. मग दोन्ही टाक्यांवर इंजिन बराच वेळ पूर्ण जोराने चालवून पाहिले. विमान वाहतूक प्रशासनाला कळवणे, काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, परवानगी, लॉगबुकातील नोंद हे सोपस्कार संध्याकाळपर्यंत चालले. दुसऱ्या दिवशी सकाळी रस्ता दोन्ही बाजूंनी अडवून आमच्याकडच्या एका अनुभवी प्रशिक्षकाने ते विमान उडवून विमानतळावर आणले. त्याच दुपारी मी आमच्या शेडमधल्या सगळ्या विमानांखाली टॉर्च घेऊन वाकलो, तेव्हा आणखी एका व्हेंटच्या तोंडाशी ओल्या मातीचे पहिले कडे दिसले. त्या विमानाच्या मालकाने दुसऱ्याच दिवशी कुटुंबाला घेऊन उडायचे ठरवले होते.