एक प्रश्न, चार इयत्ता

आमच्या शाळेत पहिली ते चौथी असे चार वर्ग आहेत आणि शिकवायला आम्ही दोघीजणी. त्यातली एक प्रशिक्षणाला किंवा बैठकीला गेली, की चारही वर्ग एकाच खोलीत बसतात. अशा दिवशी गणिताच्या तासाला काय करायचे, या अडचणीतून मी मुक्तोत्तरी, म्हणजे एकाहून अधिक बरोबर उत्तरे असलेल्या, प्रश्नांकडे वळले.

त्याआधी मी स्तरनिहाय गट करत असे. एका गटाला संख्यावाचन, दुसऱ्याला बिनहातच्याची वजाबाकी, तिसऱ्याला शाब्दिक उदाहरणे. गटांना मोगरा, जाई, गुलाब अशी नावे दिली होती. तरीही कोणते फूल ‘हुशार’ आहे, हे मुलांना पहिल्याच आठवड्यात कळले. मोगऱ्यातली मुले पुढे मोगऱ्यातच राहिली.

मुक्त प्रश्न म्हणजे काहीही करण्याची मोकळीक, अशी माझीही सुरुवातीला समजूत होती. चिंचोक्यांचा ढीग मध्ये ओतून ‘हवे तसे मांडा’ असे सांगितले, तेव्हा घर, मासा, फूल असे सारे काही तयार झाले आणि गणित तेवढे राहून गेले. दुसऱ्या वेळी अट घातली: २४ चिंचोके घ्यायचे, प्रत्येक ओळीत सारखेच ठेवायचे, एकही उरता कामा नये; अशा किती तऱ्हा सापडतात? पहिलीतल्या मुलांनी मोजून दोन ओळी लावल्या. तिसरीतली मुले चार ओळींत सहा आणि सहा ओळींत चार या एक तऱ्हा की दोन, यावर भांडली. तो वाद मी मुद्दाम सोडवला नाही. चौथीच्या मुलांना २४ ऐवजी २३ घेऊन पाहायला सांगितले, आणि एका लांबलचक ओळीखेरीज काहीच जमेना, तेव्हा मूळ संख्या हा शब्द न उच्चारताच ती तिथवर पोहोचली होती. अटीमुळेच प्रश्नाला धार येते. उत्तरे मात्र अनेक असावी लागतात.

यापेक्षा अवघड गेला तो कापरेकरांचा खेळ. देवळालीच्या शाळेत शिक्षक असलेले द. रा. कापरेकर यांनी १९४९ मध्ये मांडलेला ६१७४ हा स्थिरांक अनेक शिक्षकांना माहीत आहे. चारही अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी, आलेल्या उत्तरावर तेच करत राहावे. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतो. हा खेळ जसाच्या तसा दिला आणि फसला. एक हातचा चुकला, की पुढची सगळी साखळी बिघडते, आणि नेमक्या ज्या मुलांसाठी खटाटोप करायचा तीच दुसऱ्या पायरीवर पाटी खाली ठेवतात.

म्हणून तो दोन अंकांवर आणला. ५२ मधून २५ गेले, २७ उरले. ७२ मधून २७ गेले, ४५. ५४ मधून ४५ गेले, ९. इथे दुसरीतला एक मुलगा अडला. “बाई, नऊ उलटा केला तरी नऊच.” उत्तर माझ्या ओठांवर आले होते, पण शेजारच्या मुलीनेच नऊच्या डावीकडे शून्य लावून पाहिले. ९० मधून ९ गेल्यावर ८१, मग ६३, आणि मग पुन्हा २७. “परत आला!” हे ओरडणे शेजारच्या खोलीत कुणी असते, तर तिथेही ऐकू गेले असते.

त्याच दिवशी दुसरीतल्या आणखी एका मुलाने काड्यांचे गठ्ठे सुटे करत तासाभरात एकच वजाबाकी केली: ४१ मधून १४. त्याचे २७ इतरांच्या उत्तरांसोबत फळ्यावर गेले. चौथीतली एक मुलगी बराच वेळ फळ्याकडे पाहत होती. ४१, ५२ आणि ६३ या तिन्हींतून २७ च कसे येतात, असे तिने विचारले आणि मग स्वतःच ७४ करून पाहिले. अंकांमधले अंतर तीन असले की तीन नव्वे सत्तावीस, हे तिला ज्या उदाहरणांवरून सुचले, त्यांतले पहिले त्या काड्यावाल्या मुलाचे होते. गट केले असते, तर ती दोन मुले एका फळ्यासमोर आलीच नसती.

आता वजाबाकीऐवजी बेरीज द्यायची आहे. ३९ आणि ९३ मिळून १३२, १३२ आणि २३१ मिळून ३६३, आणि उलटसुलट सारखीच संख्या आली की थांबायचे. हातच्याची बेरीज येणाऱ्या कुणालाही यात शिरता येईल. फक्त ८९ ही संख्या मी आधीच बाजूला काढून ठेवली आहे, कारण तिला २४ पायऱ्या लागतात. ती त्या चौथीतल्या मुलीला, सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी.