झेब्रा फिंच: अंडं खाणारी जोडी, न खाणारी जोडी आणि त्यांची पिल्लं

माझ्याकडे झेब्रा फिंच या छोट्या पाळीव पक्ष्यांच्या दोन जोड्या आहेत. दोन्ही पिंजऱ्यांतल्या पिल्लांच्या काळ्या चोची आता नारिंगी झाल्यात. वजनकाट्यावर सगळी एका रांगेत आलीत. तरी माझ्या मते ती सारखी नाहीत, म्हणून ही नोंद.

वरच्या पिंजऱ्यातली जोडी उकडलेलं अंडं चाटूनपुसून खाते. खालची जोडी बाजारातून आणलेली, राळे-बाजरीवरच वाढलेली. अंड्याकडे ढुंकूनही बघत नाही. कॅल्शियमसाठीचा समुद्रफेस, घरट्याचं मटकं, जागा सारखीच.

फिंचचं पिल्लू निघतं तेव्हा जेमतेम ग्रॅमभराचं असतं आणि तीनेक आठवड्यांत घरट्याबाहेर पडतं. एवढ्यात स्नायू, पिसं, मेंदू सगळं उभं राहायचं. कबुतरासारखं ‘दूध’ फिंचला येत नाही. आईबापांनी जे टिपलं तेच पिल्लाच्या चोचीत. पहिल्या दिवसांत मानेच्या पातळ कातडीतून ते दिसतंसुद्धा: वरच्या पिल्लांच्या गळ्यात पिवळा लगदा, खालच्यांच्या गळ्यात नुसते दाणे. राळ्यात प्रथिनं बाराएक टक्के असतात, पण त्यात लायसिन कमी. ते एक अमिनो आम्ल अपुरं पडलं की बाकीच्यांचाही वाढीसाठी पुरता उपयोग होत नाही. ऑस्ट्रेलियात रानातले झेब्रा फिंच पिल्लांना दुधात आलेलं, अर्धवट पिकलेलं गवताचं बी भरवतात, म्हणजे त्यांचा हुरडाच. वर्षभर सुकं बी ही आपली सोय आहे, त्यांची नव्हे.

उडायला लागली तेव्हा वरची पिल्लं दहा ग्रॅमच्या पुढे होती, खालची साडेआठच्या आसपास. मग सगळ्यांना मोठ्या पिंजऱ्यात एकत्र सोडलं. वरच्यांचं बघून खालचीही अंडं खायला लागली आणि एक नर तर बघता बघता भरला.

अशा वेळी आपण खूश होतो. पण ग्लासगो विद्यापीठातल्या फिशर, नेगर आणि मोनॅगन यांचा २००६ चा प्रयोग वेगळं सांगतो. त्यांनी झेब्रा फिंचच्या पिल्लांना सुरुवातीचे २० दिवस कमी प्रतीचा आहार दिला, नंतर चांगला. मोठेपणी पक्षी आकाराने बरोबरीला आले, पण ज्यांनी मागची तूट जास्त भरून काढली होती, त्यांना एक साधी गोष्ट शिकायला जास्त वेळ लागला. म्हणजे उपासमारीइतकीच नंतरची घाईची वाढही महागात पडू शकते.

माझी चाचणी घरगुती: दोन वाट्या, एक निळं झाकण, एक पांढरं, दाणे कायम निळ्याखाली. झाकणं आधी काही दिवस पिंजऱ्यात नुसती ठेवावीत, नाहीतर आपण शिकणं न मोजता भित्रेपणा मोजतो. वरच्यांपैकी एक मादी तरीही जवळ आली नाही, तिला सोडून दिलं. झपाट्याने भरलेला तो नर सगळ्यांत मागे राहिला. गंमत म्हणजे खालचीच एक मादी, जी अजून बारीक आहे, ती पहिल्या दोघांत! चार-पाच पक्ष्यांवरून सिद्ध काहीच होत नाही, पण बाजू कुठली ते दिसतंय.

गाण्याचं मात्र मी अजून काही म्हणणार नाही. नर पिल्लू बापाचं गाणं पहिल्या तीन महिन्यांत उचलतं. त्या काळातल्या कुपोषणाने मेंदूतलं गाण्याचं केंद्र लहान राहिल्याचं काही प्रयोगांत दिसलंय, काहींत गाण्यावर फरकच पडलेला नाही. बापलेकांची रेकॉर्डिंगं करून ठेवलीत.

या तुलनेत एक मोठी खोट आहे: आईबापच वेगळे. त्यामुळे पुढच्या खेपेला दोन्ही मटक्यांतली निम्मी अंडी अदलाबदल करणार. दोन्ही माद्यांची अंडी एकाच सुमाराला आली तरच. झेब्रा फिंच परकी अंडी सहसा बिनतक्रार उबवतात. खालच्या जोडीला अंड्याऐवजी मोड आलेली बाजरी लावून बघतोय. ती पहिल्याच सकाळी संपली. उन्हाळ्यात मात्र मोड काय, अंडं काय, दोन तासांच्या वर पिंजऱ्यात ठेवू नका.